बाळाखालचा खांदा

...नाही, पैसे द्यायला माझी ना कधीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई चित्रकारांना फुकट राबवते आणि वर इथे येऊन गळा काढते. मी तर द्यायलाच बसले होते हो! मांडीवर बाळ, हातात फोन, फोनवर बँकेचं ॲप उघडं... आणि घ्यायला कोणी नाही. दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघत बसलाय हे आपण रोज बघतो, पण इथे गिऱ्हाईक पाकीट उघडून फुटपाथवर उभं आणि सगळी दुकानं बंद, असं कधी बघितलंय? तसं माझं काही म्हणणं नाही. चित्रकारांना कामं असतात, घरं असतात, मूड असतो. मला मूड नसतो. मला बाळ आहे.

तर झालं काय, की मी एक गेम करत होते. मोबाइलवरचा, छोटासा, एकटीने. म्हणजे ऑफिसात मी गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, कुठल्या फळीवर कुठलं खोकं ठेवलंय हे कॉम्प्युटरला कळावं एवढंच, त्यात कोणाला हसू येत नाही की कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, खोकं सापडलं की सगळे गप्प आणि नाही सापडलं की मला फोन. मग रजा लागली, बाळ आलं, आणि माझं डोकं, तुम्हाला सांगते, इतकी वर्षं खोकी मोजून ज्याने कधी तक्रार केली नाही ते डोकं, एकदम म्हणायला लागलं की मला काहीतरी करायचंय. म्हटलं आत्ता? एवढे दिवस कुठे होतास बाबा?

गेम असा. एक खोली, पडदे ओढलेले. आईच्या खांद्यावर झोपलेलं बाळ. ते पाळण्यात ठेवायचं आणि दारापर्यंत जायचं, बाळ न उठता. संपला गेम. वाटेत जमिनीवर खेळणी, त्यातलं एक बदक पाय लागला की किंचाळतं, दाराची बिजागरी करकरते, फोन नेमका तेव्हाच वाजतो, आणि गुडघा... पाळण्यावर वाकलं की माझा उजवा गुडघा असा काही कडकन वाजतो की शेजारच्यांनी दार उघडून बघावं. गेममध्ये गुडघ्याला वेगळं बटण आहे. नवऱ्याला खेळून दाखवला तर तो म्हणतो, हा गेम आहे की आपली दुपार? मी म्हटलं, अरे तीच तर गंमत आहे. मग तो म्हणाला, बरं, जिंकतं कोण यात? आता हे मी अजून ठरवलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट ठरलेली होती. रजा संपायच्या आत हा गेम पुरा झाला पाहिजे. नंतर होणार नाही. मी मला ओळखते ना! कपाटात माझा अर्धा विणलेला स्वेटर आहे, दोन बाह्या आणि मध्ये काही नाही, भिंतीवर गिटार आहे जिच्यावर मला एका गाण्याची फक्त सुरुवात वाजवता येते. एकदा ऑफिस सुरू झालं की सकाळी खोकी, संध्याकाळी बाळ, आणि मधल्या फटीत जेमतेम केस विंचरता येतात. आणि लोक विचारतात हो. रजेत काय केलंस? म्हटलं, बाळ सांभाळलं. तर म्हणतात, हो, ते तर आहेच, पण आणखी काय? आता काय सांगायचं? तर हा गेम म्हणजे माझं ते 'आणखी काय' होतं. तो राहिला असता तर मी नुसती 'ते तर आहेच' उरले असते.

सगळं लिहून झालं होतं. बदक किंचाळत होतं, बिजागरी करकरत होती, फक्त चित्रं नव्हती आणि बाळाचं रडणं बाकी होतं. आई म्हणजे एक उभा चौकोन, बाळ म्हणजे त्याच्या वरच्या कोपऱ्याला चिकटलेला छोटा चौकोन. सासूबाई बाळाला घेऊन मागे उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "अगं, हे कपाट कुठे निघालंय?"

तसं माझं काही म्हणणं नाही. कपाटच दिसत होतं. वर बॅग ठेवलेलं.

म्हणजे चित्रकार हवा. मी हे बोलले मात्र, ताईचा फोन. माझी मोठी बहीण, तिला सगळ्यावर उपाय सापडतो आणि तो नेहमी फुकट असतो. अगं आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी काय सुंदर काढते, तिला सांग, एक चॉकलेट दिलंस की खूश. मी म्हटलं, ताई, असं नाही चालत, ते काम आहे. तर ती म्हणे, काम कसलं, तिला आवडतं! आता मला सांगा, आवडतं म्हणून पैसे द्यायचे नाहीत, हा कुठला न्याय? मला कॉम्प्युटर आवडतो म्हणून आजवर मी किती जणांचे प्रिंटर दुरुस्त केलेत हे एका ताईला सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्यातला एक प्रिंटर ताईचा. तेव्हा मी ठरवलं, आपण पैसे द्यायचे, पूर्ण द्यायचे, आणि ताठ मानेने द्यायचे. नोकरीत असताना बाजूला टाकलेले माझे स्वतःचे थोडे होते, ते ह्याच्यासाठी.

मग जाहिरात टाकली. 'छोट्या गेमसाठी चित्रकार हवे आहेत. मोबदला नक्की मिळेल.' नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, 'नक्की' लिहिलंस की शंका येते. काढलं. मग नुसतं 'मोबदला मिळेल' राहिलं, ते वाचून मलाच धमकी दिल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी 'योग्य मोबदला' केलं आणि पुढचे दोन दिवस योग्य म्हणजे किती, कोणाच्या दृष्टीने योग्य, आपण कोण ठरवणार, यात गेले. आणि मग उत्तरं यायला लागली.

पहिला आला तो फक्त ड्रॅगन काढणारा. काय ड्रॅगन होते, एकेक खवला मोजून घ्यावा असे. मी म्हटलं, फार सुंदर, आई काढाल का? तर त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "ड्रॅगनची?" मी म्हटलं, नाही, माणसाची. तर म्हणाला, बघतो, आणि गेला. एक बाई म्हणाल्या मी बाळं काढत नाही, बाळांची डोकी मला जमत नाहीत, मोठी होतात. मी म्हटलं, मोठीच असतात हो. त्या म्हणाल्या, नाही, तेवढीही नाहीत.

मग सोमवार आला. त्याचं नाव सोमवार नव्हतं, पण आमच्या घरात तेच पडलं, कारण तो म्हणायचा सोमवारी देतो. कामाचा नमुना झकास, बोलणं गोड, मी लगेच ॲडव्हान्स पाठवला. सोमवार आला, तो आला नाही. पुढचा सोमवार. त्याच्या पुढचा. नवरा चहा पिता पिता विचारायचा, कुठला सोमवार म्हणाला होता, विचारलंस का? शेवटी मी धीर करून फोन केला, म्हणजे आधी मनात तीनचार वेळा बोलून बघितलं की कडक कसं बोलायचं, आणि उचलल्यावर मी म्हटलं, तुम्ही बरे आहात ना? तर तो बरा नव्हता. त्याचं लग्न मोडलं होतं. ठरलेलं. मग काय, बाळाला एका हाताने थोपटत मी त्याची समजूत काढली, आयुष्य मोठं आहे, होतं असं, जेवलास का. तो म्हणाला, तुमचा ॲडव्हान्स परत करतो, काम होणार नाही माझ्याच्याने. मी म्हटलं, राहू दे रे. तो म्हणाला, नको ताई, घ्या. मी म्हटलं, नको, तुला लागतील. बराच वेळ असं चाललं. शेवटी माझेच पैसे मी परत घ्यावेत म्हणून त्यानेच मला समजावलं. आणि ते जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मला इतकं अपराधी वाटलं, की जणू मीच ते लग्न मोडलंय.

तसं माझं काही म्हणणं नाही. माणूस सज्जन होता. पण कपाट कपाटच राहिलं ना! आणि रजा काय, ती पाण्यासारखी चालली होती.

आणि मग चित्रकारबाई सापडल्या. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायच्या, आवाज शांत, प्रत्येक वाक्याआधी एक 'हं', जणू आत जाऊन बघून येताहेत की शब्द ठेवलाय कुठे. त्यांनी आकडा सांगितला. आता अशा वेळी काय करायचं असतं? घासाघीस. मीही केली. फक्त उलटी झाली. मी म्हटलं, एवढ्यात कसं होईल? त्या म्हणाल्या, होईल. मी म्हटलं, नाही, म्हणजे तुम्हाला परवडेल का, तुमचा वेळ, वीज, डोळ्यांवरचा ताण... मग म्हणाल्या, "हं. तुम्ही गिऱ्हाईक आहात की माझी आई?"

मी गप्प बसले आणि सगळे पैसे आधीच पाठवून टाकले. नवऱ्याने कपाळाला हात लावला. अगं, निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर, सगळं जग असंच करतं. मी म्हटलं, विश्वास नावाची काही चीज असते. तो म्हणाला, असते, पण ती निम्म्या पैशांतही ठेवता येते.

आता चित्र कसं हवं हे लिहून कळवायचं होतं. इथे खरी मेख आहे, नीट ऐका. बाळ नुकतंच माझ्या खांद्यावर झोपलं होतं, मान गरम, श्वास माझ्या कानाशी, आणि मी एका हाताने टाइप करत होते. अशा वेळी माणसाने काही लिहू नये. मी लिहिलं, बाळ आईला इतकं बिलगलेलं हवं की दोघांच्या मध्ये फट म्हणून दिसता कामा नये. हे दोन वेगळे जीव आहेत असं बघणाऱ्याला वाटताच कामा नये. ऑफिसात मी असलं काही लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, बरं वाटत नाहीये का. पण बाईंनी उत्तर दिलं, 'हं. समजलं.' आणि काम वेळेवर आलं. सांगितलेल्या दिवशी. माझा विश्वासच बसेना.

आणि काय चित्र होतं! केस एका क्लिपात कसेबसे गोळा केलेले, क्लिप निम्मी सुटलेली, गाऊनच्या खांद्यावर लाळेचा ओला डाग, आईचा गाल बाळाच्या डोक्यावर टेकलेला, आणि डोळे असे, की झोप कुठल्याही क्षणी उभ्याउभ्या लागेल. सासूबाईंनी चष्मा लावला. मग म्हणाल्या, "ही तूच आहेस की." आणि बाळाला घेऊन आत गेल्या, नाक ओढत. मला तर वाटलं, झालं, आता फक्त चौकोन काढून टाकायचे आणि हे तिथे बसवायचं, रजा संपायच्या आत गेम तयार. बसवलं. आई खोलीतून चालत निघाली, बदक चुकवलं, पाळण्यापाशी आली. मी 'ठेव' बटण दाबलं.

आणि आई पाळण्यात झोपली.

बाळासकट. आख्खी. वरून पाय बाहेर.

मला आधी वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी सगळं तपासलं. मग फाइल उघडून बघितली तेव्हा उजेड पडला. गेमसाठी जी वस्तू हलायची ती वेगळी काढायची असते, म्हणजे काचेवर काच ठेवावी तशी, खालच्या काचेवर आई, वरच्या काचेवर बाळ, मग वरची उचलून कुठेही ठेवता येते. इथे सगळं एकाच काचेवर. गेम आख्खा कशाबद्दल? बाळ खाली ठेवण्याबद्दल. आणि चित्र कसलं? ज्यातून बाळ खाली ठेवताच येणार नाही असं. आता मला सांगा, ज्या बाईचं अर्धं आयुष्य खोकी वेगवेगळी ठेवण्यात गेलंय तिने हे आधी सांगायला नको? काचा वेगळ्या ठेवा, हे काय सांगावं लागतं? लागतं. सांगावं लागतं.

फोन लावला. मनात परत कडक बोलायची तयारी.

म्हटलं, "बाई, चित्र अप्रतिम आहे. फक्त ते बाळ जरा... सुटं करून मिळेल का?"

"हं. फट नको म्हणाला होतात."

"चित्रात नको म्हटलं हो. फाइलमध्ये हवी."

"हं." बाई आत जाऊन आल्या. "ते नाही जमणार. बाळाच्या मागे खांदा नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे काढलाच नाही. बाळामागे दिसणारच नव्हता, तर कशाला काढायचा? बाळ उचललंत तर आईला तिथे भोक पडेल. बाळाच्या आकाराचं."

समोर सासूबाईंनी बाळाला झोपायला चटई घातली होती, तिथे बाळ हातपाय मारत होतं, आणि मी आपला नकळत हाताने खांदा चाचपून बघितला. होता.

तसं माझं काही म्हणणं नाही, बाईंचं बरोबरच होतं, मागितलं तसं मिळालं. त्या म्हणाल्या, एकटी आई नव्याने काढावी लागेल, खांद्यासकट, त्याचे पैसे होतील. मी म्हटलं, होणारच, आणि आकडा ऐकायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

पण आणायचे कुठून? बाजूला टाकलेल्यांतले उरले होते ते गेममधल्या बाळाच्या आवाजासाठी. एक ध्वनिवाला म्हणाला होता, बाळाचं रडणं तयार आहे माझ्याकडे, हळू, मध्यम, भोकाड, तिन्ही घेतली तर सवलत. नवरा म्हणाला, आपण रडणं विकत घेणार? आपण? म्हणजे आपल्या घरात ज्याचा महापूर आलाय ते? पटलं मला. ते पैसे खांद्याला लावले, आणि रडणं घरचं वापरायचं ठरलं. झालं! त्या दिवसापासून फोन रेकॉर्डिंगला लावला की बाळ हसायचं. भोकाड ऐन भरात असलं तरी फोन दिसला की थांबून फोनकडे बघायचं, फोन ठेवला की पुन्हा सुरू. घरातला हा एकच कलाकार मोबदला मागत नव्हता, आणि नखरे मात्र सगळ्यांत जास्त. शेवटी नवऱ्याने फोन उशीखाली लपवून आणला, चोरासारखा, तेव्हा जमलं.

इकडे रजेचा शेवटचा आठवडा. आणि बाईंचा फोन. मला वाटलं, झालं चित्र.

"हं. अडलंय."

"काय झालं?"

"बाळ असताना हातांचा प्रश्न नव्हता, हात बाळाखाली होते. आता बाळ पाळण्यात. मग ती दाराबाहेर येऊन उभी राहते म्हणता. तर बाळ खाली ठेवल्यावर तुम्ही हातांचं काय करता?"

साधा प्रश्न आहे की नाही? मी म्हटलं, चहा... चहाचा कप द्या हातात. त्या म्हणाल्या, दारातच? मी म्हटलं, फोन. त्या म्हणाल्या, मग ती मोकळी झाली असं वाटत नाही. मी म्हटलं, नुसते सोडा खाली. त्या म्हणाल्या, काढून बघितले, कोणीतरी शिक्षा केल्यासारखी दिसते. मी म्हटलं, थांबा, मी करून बघते आणि कळवते. आता हे काय करून बघायची गोष्ट आहे? पण मला खरंच माहीत नव्हतं हो. इतक्या महिन्यांत बाळ खाली ठेवलं की मी लगेच काहीतरी उचलायचे, कपडे, भांडी, बदक... रिकामे हात मी बघितलेच नव्हते.

सासूबाईंना म्हटलं, आई, जरा ह्याला घेऊन आतल्या खोलीत बसता का, मला नुसतं उभं राहायचंय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, पण गेल्या. नवऱ्याला म्हटलं, तू व्हिडिओ घे, मी विसरून जाईपर्यंत घेत राहा. आणि मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. आधी हात मागे बांधले. मग कमरेवर ठेवले. मग खरंच विसरले, खिडकीबाहेर समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणी गादी वाळत घालत होतं ते बघत राहिले. जरा वेळाने नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं, तू डुलते आहेस."

मी खाली बघितलं. दोन्ही हात छातीशी, कोपरात दुमडलेले, मध्ये कोणी नाही, आणि मी या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर... मी थांबले. म्हणजे थांबायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, ऑफिसमधून आलो की लिफ्टपाशी भेटतेस तेव्हाही करतेस, मला वाटलं तुला माहीत असेल. सासूबाई आतून बघत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, हा तुझा नवरा पहिलीत गेला तरी माझं सुटलं नव्हतं, दुकानाच्या रांगेत लोक माझ्याकडे बघायचे.

व्हिडिओ पाठवला. बाईंचं उत्तर आलं, 'हं. हेच.' एवढंच, आणि आठवडा संपायच्या आत डुलणारी आई हजर. खांदा आहे. दोन्ही काचा वेगळ्या. बाळ पाळण्यात जातं, आई बदक चुकवते, गुडघा सांभाळते, बिजागरी सांभाळते, दाराबाहेर येते आणि रिकामे हात छातीशी धरून डुलत राहते. बस. त्याच्यावर समाप्त. बाईंनी खांद्याचे पैसे सांगितले त्याहून कमी घेतले आणि मी भांडले तर म्हणाल्या, आता अगदी माझी आई झालात तरी जास्त घेणार नाही. रजेचा शेवटचा दिवस होता. मी गेम दुकानात चढवला, म्हणजे त्या ॲपच्या दुकानात, आणि दुसऱ्या दिवशी केस विंचरून ऑफिसला गेले. माझं 'आणखी काय' झालं होतं. कोणी विचारलं असतं तर सांगणार होते. कोणी विचारलं नाही. खोकी कुठे आहेत ते विचारलं.

पण लोक खेळायला लागले, खरंच, फार नाही, थोडे. आणि परवा पहिली मोठी प्रतिक्रिया आली, मी ऑफिसच्या प्रिंटरपाशी उभी होते, कागद यायची वाट बघत, आणि फोन उघडला. कोणीतरी सभ्य माणूस होता, तरुण असावा, मूलबाळ नसावं. लिहिलं होतं, 'गेम आवडला. बदक भारी. फक्त एक मोठी गडबड आहे. बाळ झोपल्यावर आई बाहेर येते आणि हातात काही नसताना तशीच डुलत राहते. अर्धा तास फोन तसाच ठेवून बघितला, थांबतच नाही. कृपया दुरुस्त करा.'

मी उत्तर लिहायला घेतलं, की हे मुद्दाम केलंय, यामागे विचार आहे, एका मोठ्या चित्रकारबाईंनी... तेवढ्यात मागून आमचे साहेब म्हणाले, मॅडम, प्रिंट घेऊन झाली असेल तर जरा बाजूला होता का, किंवा निदान एका जागी उभ्या राहा, मला गरगरतंय.

मी लिहिलेलं सगळं खोडलं आणि पाठवून दिलं, 'कळवल्याबद्दल आभार. इकडेही तेच चालू आहे.'